सांभाळ आणि सोबत

दांड्याला बोलायला यायचं तर दोन गोष्टी धरून चालाव्या लागतात. वेळ सातची ठरली तरी बाजार उठेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि वारा समुद्राकडून असला की वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास थेट माईकपर्यंत येतो. (हशा) दोन्हींबद्दल आमची तक्रार नाही.

आजचा विषय आमचा नाही. तो याच सभागृहात आम्हाला एका बाईंनी दिला. मागच्या खेपेला आम्ही अ‍ॅरिस्टॉटलवर बोललो होतो. माणूस म्हणजे विवेक असलेला प्राणी, ही जी पाठ्यपुस्तकी व्याख्या आहे ती आम्ही तासभर उलगडली. लोक उठले, खुर्च्या वाजल्या, आणि एक कोळी बाई थांबून राहिल्या. वय सत्तरीच्या आसपास, म्हणजे आमच्याच बरोबरीच्या. सोबत मुलगा होता, एकेचाळीस वर्षांचा. बाई म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलं तसा विचार ह्याला जमत नाही. मग हा कोण?” आम्ही काहीतरी पुटपुटलो. त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “बरं ते राहू द्या. माझ्या मागं ह्याला कोण बघणार?”

पहिला प्रश्न आमच्या विषयातला, त्याचं उत्तर आम्हाला यायला हवं होतं. आलं नाही. दुसऱ्याचं उत्तर तत्त्वज्ञानात नसलं तरी इतिहासात शोधता येतं, आणि वर्षभर आम्ही तेच केलं. मायलेकांना विचारूनच हे सांगतो आहोत. दोघंही आज आलेत, मागे खांबापाशी बसलेत.

इथे भाषेची एक गंमत बघा. ही हकीकत आम्ही घरी सांगितली तेव्हा आम्ही म्हणालो, “तो बोलत नव्हता, तो उभा होता.” एकेचाळीस वर्षांच्या अनोळखी गृहस्थांना आम्ही एरवी ‘ते’ म्हणतो. यांच्या बाबतीत ‘तो’ कधी झाला, ते आमच्या ध्यानातही आलं नाही. नात सून झाली की तिलाही सासरी ‘अहो सूनबाई’ म्हणतात, पण हा माणूस जन्मभर एकेरीतच राहतो. तेव्हा आज आम्ही ‘ते’ म्हणणार आहोत. चुकलो तर टोका.

तर ते पहाटे बर्फाची पाटी उचलू लागतात, टोपल्या धरतात, दुपारी वलांडीखाली बसून कावळे हाकतात. मासळीच्या धंद्यात लहान लहान कामं पुष्कळ असतात, आणि ती दाराबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालतात. म्हणून गल्लीत त्यांना जागा आहे. हे पाहून कुणीही म्हणेल की जुन्या गावात हा प्रश्नच नव्हता, शहराने तो केला. आम्हीही तसंच म्हणणार होतो. पण मग बाईंचा दिवस विचारला. त्या गेल्या चाळीस वर्षांत एकदाही माहेरी मुक्कामाला गेलेल्या नाहीत. गल्ली त्यांच्या मुलाला सामावून घेते हे खरं, पण रात्री नऊनंतर गल्ली आपापल्या घरी जाते.

आता थोडं मागे जाऊ, तेराव्या शतकात. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जिथे अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ झालं. तिथे गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी ते एक, चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांचं चरित्र म्हाइंभटांनी लिहिलं. त्यात गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरतात, भांड्यात हात घालतात, पोरांत खेळतात, देवळातल्या मूर्तींशी बोलतात. लोक त्यांना वेडे म्हणतात, रागावतात, घाबरतात, जेवायलाही घालतात, आणि अडचणीत सापडले की त्यांच्याकडेच धाव घेतात. श्रद्धावंतांसाठी हे ईश्वराचं वर्तन आहे. आम्ही त्यांना कुठलंही निदान चिकटवणार नाही, तो उद्धटपणा होईल. आमचं लक्ष गावाकडे आहे. वागण्याचे नियम न पाळणाऱ्या एका व्यक्तीबरोबर एक अख्खं गाव कसं राहिलं, दार कधी उघडं ठेवलं आणि कधी लावलं, याची इतकी बारीक नोंद मराठी गद्याच्या अगदी आरंभी सापडते, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते.

त्याच शतकात तिकडे बेल्जियममधल्या गेल या गावात आणखी एक रीत रुजत होती. संत डिम्फना ही मनोरुग्णांची कैवारी मानली जाते. तिच्या समाधीपाशी लोक आपल्या घरच्या आजारी माणसांना आणत. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावातली कुटुंबं त्यांना घरी ठेवून घेऊ लागली. काही आठवडे म्हणून आलेले जन्मभर राहिले. ज्यांना आज आपण बौद्धिक अपंगत्व म्हणतो तेही त्यांत मोठ्या संख्येने होते. १८५० नंतर सरकारने देखरेख हाती घेतली, कुटुंबाला भत्ता मिळू लागला, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावात साडेतीन हजारांहून अधिक असे पाहुणे कुटुंबांत राहत होते. आज ती संख्या फार घटली आहे. शेती कमी झाली, घरातली दोघंही नोकरीला बाहेर पडली, दिवसभर घरात कुणी नाही. दांड्यातल्या लोकांना यावर भाष्य करायची गरज नाही. जाळी विणणाऱ्यांची मुलं आता ऑफिसला जातात.

म्हणजे गेलचं उत्तर चांगलं होतं, पण ते एका विशिष्ट अर्थव्यवस्थेवर उभं होतं.

आपल्याकडे इंग्रजांनी जे आणलं ते वेगळंच होतं. १९१२ च्या भारतीय वेडेपणविषयक कायद्यात ‘लुनॅटिक’ची व्याख्या अशी केली की त्यात ‘इडियट’ही आला. म्हणजे मनाचा आजार झालेला माणूस आणि जन्मतःच बुद्धीची वाढ कमी असलेला माणूस, कायद्याच्या लेखी एकच, आणि दोघांची जागा एकच. ही गाठ सुटली ती १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आणि तो अमलात आला १९९३ मध्ये. ऐंशी वर्षं! तोपर्यंत ज्या पिढ्या आल्या नि गेल्या त्यांचं काय झालं, हे लिहिणारं कुणी नाही, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांनी काही लिहून ठेवलं नाही.

मुंबईत मात्र याच काळात काही वेगळं सुरू झालं. १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला अशा मुलांसाठी स्वतंत्र निवास काढला. १९४४ मध्ये जय आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी, दीनासाठी, शाळा सुरू केली. तीच पुढे शिवडीची जय वकील शाळा झाली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशींची कामायनी आली. या शाळांचं मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्या मुलाला सगळ्यांनी ‘याच्यात काही राम नाही’ म्हणून सोडलं होतं, तो बटण लावायला, पैसे मोजायला शिकला. पण शाळा दुपारी सुटते, आणि मूल अठरा वर्षांनी मोठं होतं. दिवसाचा प्रश्न सुटला, रात्रीचा राहिला. मूल शिकलं, प्रौढाचं काय?

हे सर्वांत आधी कळलं ते पालकांना. १९९० च्या सुमारास मुंबई परिसरातले पालक गोरे सरांच्या पुढाकाराने एकत्र आले आणि ‘आधार’ ही संस्था उभी राहिली. बदलापूरला तिची वास्तू झाली. आईबापांनी आपल्या हयातीतच आपल्या पश्चातची सोय बांधायची, ही कल्पना साधी आणि फार मोठी. आम्ही दांड्याच्या बाईंना तेच सांगितलं. म्हटलं, अशा जागा आहेत, चांगल्या आहेत, जाऊन बघा. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या मुलाने, ज्यांनी तोवर आमच्याशी एक शब्द उच्चारला नव्हता, विचारलं, “बदलापूरला समुद्र कुठाय?”

या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस अडून राहिलो. एकेचाळीस वर्षं भरती-ओहोटीवर दिवस मोजलेल्या माणसाने हे विचारलं होतं, आणि ‘याला विचार जमत नाही’ असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

संस्था आणि घर यांतला फरक ओळखणारे दोन प्रयोग गेल्या शतकात युरोपात झाले. दोन्ही आपल्याकडे पोचले, म्हणून सांगतो. पहिला कॅम्पहिल. कार्ल क्योनिग हे व्हिएन्नाचे ज्यू कुळातले डॉक्टर. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर ते आणि त्यांचे तरुण सहकारी निर्वासित होऊन स्कॉटलंडला गेले. अ‍ॅबर्डीनजवळ कॅम्पहिल नावाची जागा मिळाली. नेमकं १९४० मध्ये ब्रिटिशांनी या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटकेत टाकलं. नव्या घरात सामान हलवलं, चूल पेटवली ती मागे राहिलेल्या बायकांनी. चळवळीच्या इतिहासात नाव क्योनिगचं येतं, तो भाग निराळा. ज्यांना स्वतःला देश उरला नव्हता अशा लोकांनी ज्यांना समाजात जागा नव्हती अशा मुलांबरोबर घर मांडलं. पगार नाही, पाळी नाही. एकाच टेबलावर जेवण, एकाच शेतात काम. १९५५ मध्ये यॉर्कशरमधल्या बॉटन इथे प्रौढांसाठी असं अख्खं गाव सुरू झालं.

दुसरा प्रयोग ‘लार्श’. त्याचे संस्थापक जाँ व्हानिए आमच्याच विषयातले. अ‍ॅरिस्टॉटलच्या सुखाच्या कल्पनेवर त्यांनी डॉक्टरेट केली होती. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या त्रोली-ब्रय या खेड्यात त्यांनी एक जुनं घर घेतलं आणि एका संस्थेतून दोन माणसांना आपल्याबरोबर राहायला आणलं. खरं तर तीन आणली होती. तिसऱ्याला ते जमेना, त्याला लगेच परत पाठवावं लागलं. आम्हाला हा तिसरा माणूस फार आठवतो. पहिल्या रात्रीच्या गोष्टी सांगताना त्याला बहुधा गाळतात. लार्श १९७० मध्ये बंगळूरला आली, ‘आशा निकेतन’ या नावाने. पुढे कोलकाता, चेन्नई, केरळात नंदी बाजार. मूळ कॅथलिक घर इथे येऊन हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असं मिळून राहू लागलं.

आणि आता आपला पुणे जिल्हा, साल १९९४. या एका सालावर आम्ही जरा थांबणार आहोत.

त्या वर्षी फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना आणि बायकांना पुण्याच्या सरकारी रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. कारण काय दिलं? पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना जमत नाही, आणि कुणी गैरफायदा घेतला तर गर्भ राहील. स्त्री संघटना उभ्या राहिल्या, देशभर गदारोळ झाला, शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी आम्ही महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवत होतो. स्टाफरूममध्ये वाद झाला, आणि आम्हाला कबूल करायला हवं की आमचे अनेक सहकारी, चांगली सहृदय माणसं, म्हणत होती की यात चूक काय? सांभाळणाऱ्यांचाही विचार करा. आम्ही विरोधात बोललो, पण हळू आवाजात. कारण आम्हाला त्या वेळी एवढंच सुचलं की संमती घेतली नाही. दुसरी गोष्ट सुचली नाही. ती अशी, की गैरफायद्याची भीती होती तर उपाय गैरफायदा घेणाऱ्यावर हवा होता. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा राहत नाही.

‘सांभाळणं’ हा आपला किती मायेचा शब्द! पण सांभाळतात ती वस्तू, ठेव, गुरंढोरं, आणि माणसं. ज्याला सांभाळायचं त्याने सांभाळणाऱ्याची सोय पाहावी, हे त्या शब्दात गुपचूप शिरतं. शिरूरमध्ये ते शस्त्र घेऊन शिरलं.

त्याच जिल्ह्यात, त्याच सुमारास, मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ उभं राहत होतं. वसंत देशपांडे, मेधा टेंगशे आणि त्यांचे सहकारी. प्रेरणा कॅम्पहिलची. इथे राहणाऱ्या प्रौढांना म्हणतात ‘विशेष मित्र’. मोठा वॉर्ड नाही, छोटी घरं, प्रत्येक घरात गृहमाता आणि मित्र एकत्र राहणार, स्वयंपाक, शेती, बागकाम, हातकाम वाटून करणार. परदेशातले तरुण स्वयंसेवकही येऊन राहतात. आणि एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. त्यांनी खोऱ्यातल्या गावांतही काम सुरू केलं, बायकांचे बचत गट वगैरे. म्हणजे कुंपण घालून बेट केलं नाही. आजूबाजूचं गाव ओळखीचं असेल तरच ‘समाजात राहणं’ याला अर्थ आहे.

सोबत हा शब्द आम्ही इथे वापरू. ‘रात्री सोबतीला ये गं,’ असं आजी शेजारच्या मुलीला म्हणायची. सोबतीला आलेली मुलगी आजीला सांभाळत नसे. ती तिथे झोपायची, एवढंच. आणि तिलाही आजीच्या गोष्टी मिळायच्या.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण पुढचा भाग वगळला तर आम्ही तुमची फसवणूक करू. व्हानिए २०१९ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी लार्शने स्वतःच चौकशी करून जाहीर केलं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. त्यांत बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती आढळल्या नाहीत, पण तो दिलासा मानायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही त्यांची पुस्तकं वर्गात वापरली होती. ज्या घराचा पाया दुर्बलतेच्या आदरावर होता, त्या घरात एका माणसाला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. लार्शने हे स्वतः छापलं, याचं श्रेय तिला द्यायला हवं. आपल्याकडच्या किती संस्थांनी आपल्या संस्थापकाबद्दल असं छापलं असतं, सांगा.

बॉटनची अडचण निराळी. २०१० नंतर तिथल्या विश्वस्तांनी बिनपगारी सहजीवनाऐवजी पगारी कर्मचारी आणायचं ठरवलं. जुनी कुटुंबं चिडली, प्रकरण कोर्टात गेलं. एक बाजू म्हणे, पगार आला की घराचा आश्रम होतो आणि आश्रमाचं हॉस्टेल. दुसरी म्हणे, पगार नाही, हिशेब नाही, तर चूक झाली की जबाबदार कोण? आम्हाला विचाराल तर आम्ही निम्मे दुसऱ्या बाजूचे आहोत. कारण आपल्या देशात बिनपगारी सोबत म्हणजे नेहमी कुणीतरी बाई असते. कॅम्पहिलची चूल पेटवणाऱ्या बायका, गृहमाता, दांड्याच्या या बाई. त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या सोबतीला कोण, याचं उत्तर एकाही आदर्श वसाहतीने नीट दिलेलं आम्हाला दिसलं नाही.

कायद्याचं झटपट सांगतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची सोय केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून प्रौढ व्यक्तीसाठीही कायदेशीर पालक नेमता येतो. प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ योजनाही त्याच न्यासाची. २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याचं एकोणिसावं कलम म्हणतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी या व्यक्तीला इतरांइतकीच हवी. आणि २०१६ चा कायदा बराचसा त्या कराराला धरून झाला. ‘कुठे आणि कुणाबरोबर’. म्हणजे समुद्राचा प्रश्न हा हट्ट नव्हता. तो एकोणिसाव्या कलमातला प्रश्न होता.

मग दांड्यात काय? आम्ही काही संस्था काढणार नाही, या वयात ते आमच्याने होणारही नाही. पण बाईंच्या ओळखीने इथली आणि चुईमची मिळून तीन घरं सापडली, तिन्हींत असा एक प्रौढ माणूस. गेले काही महिने ती दर रविवारी दुपारी एका घरात एकत्र जेवतात. आम्हीही दोनदा गेलो. एकदा भांडण झालं, कारण एकाला दुसऱ्याच्या ताटातली मांदेली हवी होती. पुढच्या रविवारी ज्याचं ताट होतं त्याने आपणहून दोन बाजूला काढून ठेवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीतली एक पदवीधर मुलगी मदतीला येते. तिने आम्हाला विचारलं, “सर, उद्या हे घर खरंच झालं आणि मी तिथे राहिले, तर पगार किती, सुट्टी किती, आणि लग्न झालं तर नवऱ्यासकट राहता येईल का?” आम्हाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. पण इतक्या दिवसांत विचारलेले सर्वांत उपयोगी प्रश्न तेच होते, आणि त्यांवर आता बाकीची दोन घरंही बोलू लागली आहेत. दुसरी अडचण जागेची. बाईंच्या घराला पुनर्विकासाचं पत्र आलंय. नव्या इमारतीच्या कागदांवर मुलाचं नाव कसं घालायचं, त्यासाठी वकील बघायचा आहे. सभेत कुणी वकील असतील तर शेवटी आम्हाला भेटा.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न घेऊ. माईक जरा मागे न्या, खांबापाशी. त्या गृहस्थांचा हात मघापासून वर आहे, आधी त्यांचं ऐकू.